पहिलं आरसी विमान: ए२२१२ काँबो, एफएस-आय६ आणि १२०० मिमीचा ट्रेनर

हॉबीच्या दुकानात जा नाहीतर ऑनलाइन शोधा, 'आरसी प्लेन काँबो' म्हटलं की जवळपास एकच संच पुढे येतो: ए२२१२ ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग), चार एसजी९० सर्वो (विमानाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरा), १०४५ म्हणजे दहा इंची प्रोपेलर, थ्री-सेल २२०० एमएएचची लायपो बॅटरी आणि फ्लायस्कायचा एफएस-आय६ रिमोट. जोडीला फोमचा, साधारण १२०० मिमी पंखाचा हाय-विंग ट्रेनर, म्हणजे पंख वर असलेलं शिकाऊ विमान. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या एअरोमॉडेलिंग वर्कशॉपमध्येही थोड्याफार फरकानं हेच सामान असतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. संच चांगला आहे, पण पिशवीतून निघतो तसा नाही. त्यातल्या दोन-तीन वस्तू बघून घ्याव्या लागतात, चार्जर बहुतेक वेळा बदलावा लागतो, आणि जोडणीला घाई केली तर विमान पहिल्या अर्ध्या मिनिटात जमिनीत घुसतं. नीट लावलं तर मात्र याच सामानावर माणूस उडवायला शिकतो, आणि पडलं तर दुरुस्ती आपल्या खिशाला झेपते.

तयार विमान का नाही?

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकाला आम्ही हा संच सुचवणार नाही. तिथे ई-फ्लाइटचं १.५ मीटरचं अप्रेंटिस किंवा हॉबीझोनचं एरोस्काउट सरळ दुकानातून घ्यावं. दोन्हींत 'सेफ' नावाची यंत्रणा आहे: सुरुवातीच्या मोडमध्ये विमान ठरावीक कोनापलीकडे कलू देत नाही आणि काठी सोडली की स्वतः सरळ होतं. पंख तुटला तर पंख मिळतो, नाक तुटलं तर नाक मिळतं.

भारतात अडचण तिथेच येते. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनं परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनची आयात बंद झाली, सुट्या भागांना मात्र मोकळीक राहिली. आरसी विमान त्यात मोडतं की नाही, यावर कस्टमच्या टेबलावर बसून वाद घालण्यात अर्थ नाही. शिवाय परदेशातून कुणी आणून दिलेल्या विमानाचा पंख मोडला की पुढचा पंख येईपर्यंत तो छंद माळ्यावर. नवशिक्याचं विमान पडणारच आहे, म्हणून सुटा भाग किती दिवसांत हातात येतो हा निकष आम्ही पहिला लावतो, आणि त्यावर काँबो सरळ जिंकतो.

ढाचा

पंख वर, फुगीर भागाखाली जवळपास सपाट तळ, आणि दोन्ही टोकं थोडी उचललेली म्हणजे डायहेड्रल. पहिल्या विमानाला या तीन गोष्टी हव्यातच. खाली पंख असलेलं लढाऊ विमान कितीही देखणं दिसो, ते दुसरं किंवा तिसरं विमान. डायहेड्रलमुळे एका बाजूला कललेलं विमान स्वतःहून सावरायला बघतं, आणि नवशिक्याला नेमके तेच दोन सेकंद हवे असतात.

आकार १००० ते १२०० मिमी ठेवा. सहाशे मिमीचं छोटं विमान स्वस्त आणि गोंडस असतं, पण वाऱ्यात फडफडतं आणि पन्नास-साठ मीटरवर गेलं की तोंड कुठे नि शेपूट कुठे कळेनासं होतं. १२०० मिमी लांब आणि २०० मिमी रुंद पंखाचं क्षेत्रफळ होतं २४ चौरस डेसिमीटर. विमानाचं सगळं वजन ८५० ग्रॅम धरलं तर दर चौरस डेसिमीटरला ३५ ग्रॅम भार आला. तीस ते चाळीसच्या दरम्यान असलेला हा आकडा ट्रेनरला योग्य. किटच्या पाकिटावर पंखाचं माप आणि उड्डाणवजन दोन्ही छापलेली असतील तर दुकानातच भागाकार करून बघा. पन्नासच्या वर गेला तर ते किट परत ठेवा. ते वेगानं उतरेल आणि हळू उडवायला गेलात तर स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचल संपून पडेल.

वजनाचा हिशेब असा बसतो: मोटर माउंटसकट ६० ग्रॅम, ईएससी २५ ते ३०, चार सर्वो ३६, रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारा भाग) १५, बॅटरी १८० च्या आसपास, प्रोपेलर, वायरी, स्क्रू मिळून २०. म्हणजे आतलं सामान साडेतीनशेच्या घरात. उरलेल्या पाचशे ग्रॅममध्ये ढाचा बसला पाहिजे.

इथे शीटची निवड सगळ्यात जास्त चुकते. स्टेशनरीच्या दुकानात फोम शीट मागितली की पुष्कळदा सनबोर्ड हातात पडतो. तो पीव्हीसीचा असतो, नावफलकाला उत्तम, विमानाला दगड. सनपॅक म्हणजे आडव्या नळ्यांची प्लास्टिक शीट जवळपास न तुटणारी, पण तीही जड. त्याच नकाशावर सनपॅकचं विमान केलं तर वजन सहज एक किलोच्या पुढे जातं. पाच मिमीचा डेप्रॉन (थर्मोकोलच्या जातीची दाट शीट) किंवा दोन्ही बाजूंनी कागद असलेला हलका फोमबोर्ड हेच खरं. किट ईपीओ फोमचं असेल तर सोन्याहून पिवळं, कारण ईपीओ वाकतो, दबतो, पण सहसा तुकडे होत नाहीत.

चिकटवण्याबद्दल एकच इशारा: थर्मोकोल आणि डेप्रॉनवर साधा फेविक्विक टाकला की फोम विरघळून खड्डा पडतो. तिथे ग्लू गन वापरा, तीही थोडी निवू देऊन. ईपीओवर मात्र फेविक्विक चालतो. ग्लू गनचा जोड उन्हात तापलेल्या गाडीत मऊ पडतो, त्यामुळे मोटरचं प्लायवुड फक्त ग्लू गनवर सोडू नका; दोन मिनिटी इपॉक्सी लावा आणि प्लायवुडची पाटी फोममध्ये आतपर्यंत घुसवा. पंखात पोकळ कार्बन नळी किंवा निदान अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असलीच पाहिजे. नुसत्या फोमचा पंख पहिल्याच डाइव्हमधून वर ओढताना मधोमध दुमडतो.

मोटर आणि प्रोपेलर

ए२२१२ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या मोटरा विकल्या जातात: ९३० केव्ही, १००० केव्ही, १४०० केव्ही, २२०० केव्ही. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोकळी मोटर मिनिटाला किती फेरे मारते तो आकडा. मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद, असं समजून १४०० केव्ही घेतली जाते आणि तिच्यावर संचातला दहा इंची प्रोपेलर चढवला जातो. थ्री-सेलवर ही जोडी भरमसाट करंट ओढते. मोटर इतकी तापते की हात लावता येत नाही, चुंबकं कमजोर होतात, आणि ३० अँपिअरचा ईएससी हवेत मान टाकतो.

ट्रेनरसाठी १००० केव्ही आणि १०×४.५ प्रोपेलर. थ्री-सेलवर सुमारे ८०० ग्रॅम थ्रस्ट (ओढ) मिळतो आणि पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे मोटर पूर्ण वेगात असताना, करंट पंधरा अँपिअरच्या आसपास राहतो. साडेआठशे ग्रॅमच्या विमानाला हे भरपूर झालं. सरळ उडायला अर्धा थ्रॉटलही लागत नाही. घरात १४०० केव्ही आलीच असेल तर तिला आठ इंची प्रोपेलर लावा.

१०४५ प्रोपेलर बहुतेक ठिकाणी क्वाडकॉप्टरसाठी जोडीनं विकतात. त्यातला एक सुलटा, दुसरा उलटा. उलट्यावर आकड्यापुढे 'आर' लिहिलेलं असतं. पुढच्या बाजूला मोटर असलेल्या विमानाला 'आर' नसलेला लावायचा, आणि आकडे छापलेली बाजू उड्डाणाच्या दिशेनं, म्हणजे पुढे. प्रोपेलर पालथा बसला तर मोटर जोरात फिरते, आवाजही दणदणीत येतो, पण ओढ निम्मीच. "मोटर कमजोर निघाली" या तक्रारींमागे बरेचदा हेच निघतं.

आणखी एक बारीक गोष्ट. माउंटचे एम३ स्क्रू लांब असले तर आत जाऊन तांब्याच्या वेटोळ्यांना टेकतात. मोटर फिरते, पण खरखरते, मग जळते. माउंटची जाडी धरून पाच-सहा मिमीचे स्क्रू पुरतात. घट्ट केल्यावर मोटर हातानं फिरवून आतून काही घासत नाही ना ते बघा. प्रोपेलर अ‍ॅडॅप्टर चिमटा पद्धतीचा असतो, म्हणजे नट आवळला की तो शाफ्टला पकडतो. तो नुसत्या बोटांनी आवळला तर पहिल्याच पूर्ण थ्रॉटलला प्रोपेलर अ‍ॅडॅप्टरसकट पुढे उडून जातो. पाना लावा, आणि समोर कुणी उभं राहू नये.

मोटर अगदी सरळ बसवायची नाही. मागून पाहताना दोन अंश उजवीकडे आणि दोन-तीन अंश खाली. प्रोपेलरच्या फिरण्यामुळे थ्रॉटल वाढवला की विमान डावीकडे ओढतं आणि वर पंख असल्यामुळे नाक उचलतं. हे दोन कल त्याला उतारा देतात. माउंटच्या डाव्या बाजूच्या आणि वरच्या स्क्रूंखाली एकेक वॉशर घातला की काम झालं.

ईएससी: लेबल वाचा

'३० अँपिअर' एवढंच बघून घेऊ नका. सायमन-के फर्मवेअरचे ईएससी क्वाडकॉप्टरसाठी असतात. त्यांचा प्रतिसाद झटपट असतो, पण बॅटरी उतरली की मोटरची ताकद कमी करून ती वाचवायची सोय त्यांच्यात भरवशाची नसते. विमानासाठीच्या साध्या ईएससीत ही सोय असते: व्होल्टेज घसरलं की मोटर अडखळते किंवा थांबते, सर्वोंना मात्र वीज मिळत राहते, आणि तुम्ही तरंगत खाली येऊ शकता. किंमत जवळपास तीच, म्हणून दुकानदाराला स्पष्ट विचारा.

ईएससीच्या आतलं बीईसी रिसीव्हरला ५ व्होल्ट देतं, बहुधा २ अँपिअरपर्यंत. स्वस्त बीईसी लिनियर असतं: बारा व्होल्टमधले उरलेले सात उष्णता म्हणून टाकून देतं. सर्वोंनी सरासरी एक अँपिअर घेतला तर सात वॅट उष्णता त्या बोटभर तुकड्यात. चार एसजी९० पर्यंत हे निभतं, अट एकच, ईएससीला हवा मिळाली पाहिजे. तो फोमच्या पोटात टेपनं गुंडाळून कोंबला, वर एप्रिलचं ऊन, मग बीईसी मध्येच बंद पडतं आणि रिसीव्हरसकट सगळं मरतं. पुढे हवा आत यायला एक भोक, मागे बाहेर जायला त्याच्या दुप्पट भोक.

कॅलिब्रेशन प्रोपेलर काढूनच. रिमोट चालू, थ्रॉटल काठी पूर्ण वर, मग विमानाची बॅटरी जोडा, दोन बीप ऐकताच काठी पूर्ण खाली. हे न केल्यास काठी अर्ध्यावर येईपर्यंत मोटर सुरूच होत नाही किंवा ईएससी नुसताच ओरडत बसतो. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोनांची अदलाबदल करा. बॅटरीच्या लाल-काळ्या वायरींना हा प्रयोग कधी करू नका. ईएससी धूर काढून संपतो.

एफएस-आय६

संचातली ही सर्वांत महाग वस्तू, आणि पैसे वसूल करणारी. सहा चॅनेल, वीस मॉडेलांची मेमरी, एए आकाराचे चार सेल, सोबत आयए६बी रिसीव्हर. पुढची तीन-चार विमानं हाच रिमोट चालवेल. पाच हजारांच्या आसपासच्या या वस्तूऐवजी दोन हजारांचा खेळण्यातला रिमोट घेऊन पैसे वाचवायला जाऊ नका. मोड-२, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला असलेलाच घ्या. आपल्याकडे शिकवणारे बहुतेक त्याच मोडवर उडवतात.

याची एक सवय नवख्याला छळते. ओके बटण दाबून धरलं की मेनू उघडतो, ते ठीक. पण केलेला बदल साठवायला कॅन्सल बटण दाबून धरावं लागतं! ओके दाबून बाहेर आलात तर बदल गेला. चॅनेल रिव्हर्स केला, बाहेर आलात, मैदानावर गेलात, आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) पुन्हा उलटे. प्रत्येक बदलानंतर मेनूत परत शिरून तो टिकला आहे ना, हे बघण्याची सवय लावा.

जोडणी अशी: चॅनेल १ एलेरॉन, २ एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी), ३ थ्रॉटल म्हणजे ईएससीची वायर, ४ रडर (शेपटीची उभी पट्टी). बाइंडिंगला, म्हणजे रिमोट आणि रिसीव्हरची जोडी जुळवायला, रिसीव्हरच्या बी/व्हीसीसीवर बाइंड प्लग, विमानाला वीज, मग रिमोटचं बाइंड बटण दाबून धरत तो चालू करायचा. रिसीव्हरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला की प्लग काढा. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात लावा, टोकाचा उघडा भाग कार्बन नळीपासून आणि बॅटरीपासून दूर.

फेलसेफ, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटला की मोटर बंद करणारी सोय, स्वतःहून लागलेला आहे असं धरू नका. आरएक्स सेटअपमध्ये फेलसेफ, त्यात चॅनेल ३, थ्रॉटल काठी तळाला ठेवून 'ऑन', आणि कॅन्सल दाबून धरून साठवा. मग प्रोपेलर काढून मोटर थोडी चालू ठेवा आणि रिमोट बंद करा; मोटर थांबली पाहिजे. रिसीव्हर चालू असताना हा रिमोट बंद व्हायला कुरकुर करतो, तेव्हा मागचं झाकण उघडून एक सेल काढा. थ्रॉटल होल्डही (मोटर बंदच ठेवणारी सोय) एका स्विचवर लावून ठेवा. बॅटरी जोडल्यावर विमान हातात असताना काठीला कोपर लागतं, आणि दहा इंची प्रोपेलर बोटाला विचारत नाही.

डुअल रेट (काठी टोकाला नेली की होणारी हालचाल) ७० टक्के आणि एक्स्पो (मध्याजवळ काठी मवाळ करणारी सोय) २५-३० टक्के. एक्स्पोचं चिन्ह अधिक की उणे, यावर डोकं फोडू नका, स्क्रीनवरचा आलेख बघा: मध्याजवळ रेघ आडवी व्हायला हवी. तिथे ती उभी चढत असेल तर चिन्ह बदला, नाहीतर काठीला बोट लागताच विमान उसळेल.

सर्वो, लिंकेज आणि दिशा

एसजी९० चे गियर प्लास्टिकचे. मऊ आपटीत दात जातात, आणि मग सर्वो घरघरत एका जागी अडतो. तरी या आकाराच्या विमानाला तो पुरतो. चारच्या जागी पाच विकत घ्या. धातूच्या गियरचा एमजी९०एस चाक-सर्वोसाठी किंवा एलेव्हेटरसाठी घेतलात तर चांगलंच, फक्त तो खरा आहे ना ते बघा.

सर्वोची भुजा लावण्याआधी रिमोट चालू करून सगळे ट्रिम (काठ्यांजवळच्या बारीक दुरुस्तीच्या कळा) शून्यावर, सर्वोला वीज, तो मध्यावर आला की मग भुजा काटकोनात बसवायची. आधी भुजा आणि नंतर वीज, असा उलटा क्रम केला की एका बाजूला हालचाल जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. राहिलेला दाताभराचा फरक रिमोटच्या मेनूतल्या सबट्रिमनं काढा. पुशरॉड (सर्वो आणि पट्टी जोडणारी तार) सर्वोच्या भुजेच्या आतल्या भोकात आणि पट्टीवरच्या कंट्रोल हॉर्नच्या बाहेरच्या भोकात. त्यानं हालचाल कमी पण नेमकी होते आणि ढिलाई जाणवत नाही. एलेरॉनसाठी दोन सर्वो वाय-वायरवर एकाच चॅनेलला लावत असाल तर ते आरशातल्या प्रतिमेसारखे बसवा, म्हणजे एक वर जाताना दुसरा खाली जाईल.

पहिल्या उड्डाणाची हालचाल, पृष्ठभागाच्या मागच्या कडेला पट्टीनं मोजून: एलेरॉन वर १२ आणि खाली ८ मिमी, एलेव्हेटर दोन्हीकडे १० मिमी, रडर दोन्हीकडे २० मिमी. एलेरॉन खाली कमी ठेवण्याचं कारण म्हणजे खाली गेलेला एलेरॉन जास्त हवा अडवतो आणि नाक वळणाच्या उलट दिशेला ओढतो.

आता दिशा. विमानाच्या मागे उभे राहा, विमानाचं तोंड पलीकडे. काठी उजवीकडे: उजवा एलेरॉन वर, डावा खाली. काठी आपल्याकडे ओढली: एलेव्हेटर वर. रडर काठी उजवीकडे: रडर उजवीकडे. हे प्रत्येक उड्डाणाआधी, मोठ्यानं बोलत. उलटा एलेरॉन घेऊन उडालेलं विमान वाचवणारा माणूस विरळा. जितकं सुधारायला जावं तितकं ते जास्त उलटतं.

संचात काही दुकानदार छोटा जायरो स्टॅबिलायझरही (कललेलं विमान आपोआप सावरणारा भाग) देतात. असला तर त्याची दिशा वेगळी तपासावी लागते, कारण काठीची दिशा बरोबर असूनही जायरो उलटा असू शकतो. विमान हातात धरून उजवा पंख झटकन खाली करा: उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे. नाक खाली करा: एलेव्हेटर वर गेला पाहिजे. उलट झालं तर जायरोवरचा रिव्हर्स स्विच फिरवा, रिमोटवरचा नव्हे. जायरो नीट असेल तर वाऱ्यात मदत करतो, पण चुकीचा सीजी (गुरुत्वमध्य) झाकूनही टाकतो; म्हणून पहिला ट्रिम तो बंद ठेवून करावा.

सीजी

सपाट तळाच्या सरळ पंखाचा गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर. २०० मिमी रुंदीला ५० ते ६० मिमी. पहिल्या उड्डाणाला ५० वर ठेवा. पंखाला दोन्ही बाजूंना पेनानं खूण करा, सगळं सामान आणि बॅटरी जागेवर, विमान सरळ ठेवून पंखाखाली दोन बोटांवर तोला. वर पंख असलेलं विमान सरळच नीट तोललं जातं. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल. शेपूट खाली गेली तर उडवू नका, तिथे 'बघू तरी' नको. मागे जड विमान फेकताक्षणी नाक वर काढतं, थबकतं आणि एका पंखावर पडतं; एलेव्हेटर इतका तिखट होतो की कुठली दुरुस्ती पुरत नाही.

घरी बांधलेली विमानं जवळजवळ नेहमी मागे जड होतात, कारण शेपटीला ग्लू आणि टेप सढळ हातानं लागतो. शेपूट सीजीपासून साठ सेंटिमीटरवर आणि नाक वीसवर, म्हणजे मागच्या एका ग्रॅमला पुढे तीन ग्रॅम लागतात. आधी बॅटरी पुढे सरकवा. तरीही जमलं नाही तर शिसं लावण्याआधी शेपटीवरचा फालतू टेप सोलून बघा.

बॅटरी आणि चार्जर

संचासोबत येणारा बी३ चार्जर ही या खरेदीतली सगळ्यात कमजोर कडी. तो तीन सेल भरतो, पण इतक्या कमी करंटनं की २२०० एमएएचला तीनेक तास जातात. किती भरली ते दाखवत नाही, आणि स्टोरेज मोड नाही. बी६ वर्गाचा बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) घ्या, त्यातही आत पॉवर सप्लाय असलेला. साध्या बी६ ला वेगळा १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लागतो, हे बिल करताना कुणी सांगत नाही.

चार्जिंग १ सी नं, म्हणजे २.२ अँपिअरवर, बॅलन्स मोडमध्ये. भरलेली थ्री-सेल १२.६ व्होल्ट. उडून आल्यावर विसावलेल्या सेलचा आकडा ३.७ च्या आसपास असावा, ३.५ च्या खाली वारंवार नेलीत तर बॅटरी फुगते. दोनशे रुपयांच्या आतला व्होल्टेज बझर बॅलन्स प्लगला लावा आणि ३.५ वर ठेवा. आठवडाभर उडवणार नसाल तर दर सेल ३.८ वर आणून ठेवा. पूर्ण भरून कपाटात ठेवलेली लायपो दोन-तीन महिन्यांत ताकद गमावते, आणि मग दोष मोटरला दिला जातो. चार्जिंग फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत, गादीवर नाही, आणि खोलीत कुणीतरी जागं असताना. फुगलेली बॅटरी परत चार्ज करायची नाही.

उड्डाणाचा वेळ: २२०० पैकी ८० टक्के म्हणजे १७६० एमएएच वापरायचे. सरासरी ८ अँपिअर धरले तर तेरा मिनिटं होतात. रिमोटचा टायमर तरीही आठ मिनिटांवर लावा. उरलेली वीज दोन-तीनदा उतरायचा प्रयत्न फसला तर लागेल.

कुठे आणि कधी

कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारचा डिजिटल स्काय नकाशा आधी उघडा. लाल भागात परवानगीशिवाय काहीही उडवायचं नाही. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. पुण्यात लोहगाव आणि खडकवासल्याची एनडीए असल्यामुळे जवळची मैदानं सरळ बाद होतात. मुंबईत पोलीस वेळोवेळी जे मनाई आदेश काढतात, त्यांत ड्रोनबरोबर रिमोटवर उडणाऱ्या विमानांचंही नाव असतं. शहराबाहेरचा माळ शोधणं हाच व्यवहार्य मार्ग.

कापणी झालेलं भाताचं शेत पहिल्या उड्डाणांना उत्तम: मऊ आणि मोकळं. कोकणातला जांभ्याचा सडा विस्तीर्ण असतो, पण विमानाचं पोट खरवडून काढतो. तिथे चाकं नसतील तर पोटाला रुंद बीओपीपी टेप चिकटवा. उसाच्या फडाजवळ उडवूच नका. आत पडलेलं विमान दहा फुटांवरून दिसत नाही. पडलंच तर बॅटरी संपायच्या आत एलेरॉनची काठी हलवत राहा आणि सर्वोचा आवाज ऐका.

वेळ सकाळची, ऊन तापायच्या आधी. साडेनऊनंतर मार्च ते मे मध्ये गरम हवेचे लोट सुरू होतात आणि हलकं विमान हेलकावे खातं. संक्रांतीच्या आसपास मांज्याची भीती, आणि घारी तर वर्षभर. घार मागे लागली तर थ्रॉटल कमी करून खाली या.

फेकताना वाऱ्याच्या तोंडावर, थ्रॉटल तीन-चतुर्थांश, विमान आडवं, भाला फेकावा तसं सरळ. वर फेकलं की वेग मिळण्याआधीच स्टॉल. फेकणारा दुसरा असेल तर उत्तम, तुमची दोन्ही बोटं काठ्यांवर राहतील. पन्नास-साठ मीटर उंची गाठेपर्यंत वळू नका, मग थ्रॉटल अर्ध्यावर आणून ट्रिम. विमान तुमच्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं वाटतं. तेव्हा जो पंख खाली गेला आहे त्याच्या दिशेला काठी न्यायची, एवढंच लक्षात ठेवा. हे सिम्युलेटरवर आधी घोटून घ्या. एफएस-आय६ मागच्या गोल पोर्टमधून यूएसबी केबलनं संगणकाला जोडता येतो, आणि पिकासिम फुकट आहे. केबलचे पाचशे रुपये या यादीतल्या कुठल्याही सुट्या भागापेक्षा जास्त विमानं वाचवतात.

पहिल्याच ऑर्डरमध्ये जास्तीचे घ्या: चार प्रोपेलर, एक प्रोपेलर अ‍ॅडॅप्टर, एक एसजी९०, एक्सटी६० च्या दोन जोड्या, पुशरॉडची तार आणि रुंद टेप. बॅटरीचा कनेक्टर एक्सटी६० आहे की टी-प्लग, हे ईएससीशी जुळवून बघा. ते जुळलं नाही तर रविवारची सकाळ सोल्डरिंग गन शोधण्यात जाते.